टाऊनशिपचा हिशेब पुन्हा मांडायला लावा



एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. वस्तीच्या मागच्या बाजूला बिल्डरची मोठी टाऊनशिप उभी राहते आहे. सुरुवातीला गेटवर जो फलक लागला होता, त्यावर सात इमारती होत्या. आता नववीचा पाया खणला जात आहे. वस्तीचा नाला पूर्वी जोराच्या पावसात गुडघाभर भरायचा, आता तो साध्या सरीनेही भरतो. सकाळी शाळेच्या वेळी टँकर, डंपर आणि मोटारी एकाच गल्लीत शिरतात आणि मुलांना भिंतीला चिकटून चालावे लागते. साइटवरच्या साहेबांना विचारले, तर ते म्हणतात, "पर्यावरण खात्याने सगळे तपासून परवानगी दिलेली आहे." ताई विचारतात, "तपासले असेल ते सात इमारतींचे. नऊ इमारतींचे कोणी तपासले? आणि तपासताना आम्हाला कोणी मोजले का?"

ताईंनी दोन ओळींत जे विचारले, त्यातच सगळा विषय आला. तो अवघड इंग्रजी शब्दांत गुंडाळून ठेवलेला असतो म्हणून आपले लोक त्याच्या वाटेला जात नाहीत. वास्तविक तो जमाखर्चाचा विषय आहे. ज्या माऊलीला महिन्याचे रेशन आणि रॉकेल पुरवून संसार करता आला, तिला हा हिशेब कळणार नाही असे आम्ही मानत नाही.

मोठा गृहप्रकल्प उभा राहतो तेव्हा तो आजूबाजूच्या परिसराकडून काही घेतो आणि परिसरात काही टाकतो. घेतो ते पाणी, वीज, रस्ता, हवा आणि मोकळी जमीन. टाकतो ते सांडपाणी, कचरा, धूळ, आवाज, वाहने आणि काँक्रीटवरून वाहून येणारे पावसाचे पाणी. किती घेणार, किती टाकणार आणि त्यावर उपाय काय करणार, हे बांधकामाआधी लिहून द्यायचे आणि सरकारने ते तपासायचे, याला पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन म्हणतात. तपासणीत उतरल्यावर अटी घालून जी परवानगी मिळते ती पर्यावरणीय मंजुरी.

पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ सालचा. त्याखाली २७ जानेवारी १९९४ रोजी मूल्यांकनाची पहिली अधिसूचना निघाली. त्या वेळी तिच्यात धरणे, खाणी, कारखाने होते, पण घरांच्या मोठ्या वसाहती नव्हत्या. वसाहती आल्या ७ जुलै २००४ च्या दुरुस्तीने. त्यानंतर १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना आली. तिच्या चौकटीत २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम असेल तर आधी मंजुरी घ्यावी लागते. बांधकाम दीड लाख चौरस मीटरपर्यंत पोचले, किंवा जमीन ५० हेक्टरपर्यंत गेली, तर तो प्रकल्प टाऊनशिप आणि क्षेत्रविकास या वर्गात मोडतो. राज्य पातळीवर तज्ज्ञांची समिती छाननी करते आणि राज्याचे पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण मंजुरी देते.

आता आपल्या कामाच्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे मंजुरी ही ठराविक आकड्यांना असते. इतक्या इमारती, इतके मजले, इतकी घरे, इतके बांधकाम. प्रकल्प वाढवायचा असेल तर पुन्हा अर्ज करून पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते. जुन्या कागदावर नवी इमारत चढवता येत नाही. दुसरी गोष्ट कडू आहे. कारखाना किंवा खाण यायची असेल तर साधारणपणे जनसुनावणी होते, लोक उभे राहून बोलू शकतात. २००६ च्या अधिसूचनेने इमारती आणि टाऊनशिप यांना जनसुनावणीतून वगळले. म्हणजे शेजारच्या वस्तीला बोलावून "तुमचे म्हणणे काय" असे विचारण्याची पायरीच त्यात ठेवलेली नाही. म्हणून ताईंना कोणी मोजले का, या प्रश्नाचे उत्तर असे की, आपण होऊन मोजायला लावल्याशिवाय कोणी मोजत नाही.

जुन्या कागदावर नवे बांधकाम चढवले तर काय होते, याचे उदाहरण पुण्यातच आहे. सिंहगड रस्त्यावर वडगाव बुद्रुक येथे गोयल गंगा डेव्हलपर्सच्या प्रकल्पाला २००८ साली पर्यावरणीय मंजुरी मिळाली. मंजुरी १२ इमारती, ५५२ सदनिका आणि सुमारे ५७,६५८ चौरस मीटर बांधकाम अशी होती. प्रत्यक्षात ८०७ सदनिका झाल्या आणि बांधकाम एक लाख चौरस मीटरच्या वर गेले. एका नागरिकाने हरित न्यायाधिकरणात दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १० ऑगस्ट २०१८ च्या निकालात न्यायालयाने १०० कोटी रुपये किंवा प्रकल्प खर्चाच्या १० टक्के, यांतील जी रक्कम मोठी ती भरण्याचा आदेश दिला.

या खटल्यात बिल्डरच्या बाजूने एफएसआयचा मुद्दा पुढे आला होता. तो नीट समजून घ्यावा, कारण साइटवरचे साहेब तुम्हालाही हेच ऐकवतील. एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक, मोजताना पार्किंग, पार्किंगचे तळघर असे भाग धरले जात नाहीत. बिल्डर म्हणतो, "आमचा एफएसआय मर्यादेत आहे." पण पर्यावरणाच्या हिशेबात तळघरासकट सर्व मजल्यांवरचे सर्व छताखालचे क्षेत्र मोजायचे असते. ४ एप्रिल २०११ च्या दुरुस्तीत ते स्पष्ट लिहिलेले आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेही एफएसआय आणि बांधकाम क्षेत्र या वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य केले. तेव्हा कोणी एफएसआय सांगू लागला, तर आपण शांतपणे म्हणावे, "साहेब, एकूण बांधकाम क्षेत्र सांगा."

५५२ ची ८०७ घरे झाली म्हणजे २५५ घरे वाढली. वाढ जवळजवळ निम्म्याने झाली. कागदावर हा नुसता आकडा दिसतो. आपण तो पाण्यात मोजू. एका घरात पाच माणसे आणि माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी, असे माप शहरातील घरांसाठी धरले जाते. २५५ घरांची माणसे झाली १,२७५. त्यांना रोज लागणारे पाणी १,७२,१२५ लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोजचे सतरा टँकर. ज्या जलवाहिनीवर आपली वस्ती आहे त्याच जलवाहिनीवर हा भार आला, तर आपल्या नळाला सकाळी किती वेळ पाणी येईल हे सांगायला इंजिनिअर नको. त्या पाण्यापैकी ८० टक्के सांडपाणी होते असे धरले, तर रोज १,३७,७०० लिटर सांडपाणी. माणशी अर्धा किलो कचरा धरला, तर रोज सहाशे किलोच्या वर कचरा. सांडपाणी शुद्धीकरणाचे यंत्र ५५२ घरांच्या मापाचे बसवले आणि राहायला आली ८०७, तर जास्तीचे पाणी नाल्यात जाण्याची भीती असते. नाला बहुधा वस्तीतून जातो.

पावसाचेही असेच आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर ५० मिलिमीटर पाऊस झाला तर पाच लाख लिटर पाणी. माती आणि झाडे असतील तर त्यातले बरेच जमिनीत मुरते. काँक्रीट आणि फरशी असेल तर जवळजवळ सगळे उताराने धावते, आणि आपल्या वस्त्या उतारावर आणि खोलगट भागातच वसलेल्या आहेत. नववी इमारत बागेच्या जागेवर आली असेल, तर ताईंचा नाला साध्या सरीने का भरतो याचे कारण तिथे सापडू शकते. मंजुरीच्या नकाशात बाग कुठे होती, हे आधी पाहावे.

आता वाहतुकीकडे वळू. गृहप्रकल्पाच्या अहवालात रहदारीचा एक भाग असतो. रस्त्यावर आज गर्दीच्या तासात किती वाहने जातात ते मोजतात, प्रकल्पामुळे किती वाढतील ते धरतात आणि रस्ता ते पेलेल का हे सांगतात. सगळी वाहने एका मापात आणण्यासाठी मोटारीला एक गुण देतात. याला पीसीयू म्हणतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत हे गुण दिलेले आहेत. मोटार १. दुचाकी रस्त्यावर भरपूर असतील तर प्रत्येकी ०.७५. बस प्रमाणानुसार २.२ ते ३.७. हातगाडी २ ते ३. वस्त्यांतल्या वाहतुकीला मुख्य रस्त्याशी जोडणाऱ्या दोन पदरी रस्त्याची मर्यादा दोन्ही दिशा मिळून तासाला ९०० धरली आहे.

आपण एक नमुन्याचा हिशेब करू. तो त्या पुण्याच्या रस्त्याचा नव्हे, तुमच्या-आमच्या वस्तीजवळच्या दोन पदरी रस्त्याचा आहे. समजा त्या रस्त्यावर २५५ घरे जास्त आली. सकाळच्या एका तासात प्रत्येक घरातून एक दुचाकी आणि दोन घरांमागे एक मोटार बाहेर पडली, असे धरू. दुचाकींचे १९१ गुण आणि मोटारींचे १२८, मिळून ३१९. म्हणजे ९०० पैकी एक तृतीयांशाहून जास्त जागा या वाढीव घरांनीच घेतली. आधीची ५५२ घरे, टँकर, रिक्षा, शाळेच्या गाड्या आणि आपण स्वतः त्याच रस्त्यावर आहोतच.

या कोष्टकाकडे आणखी एका दृष्टीने पाहा. बसला मोटारीच्या दोन-तीन पट जागा लावली आहे, ते ठीकच आहे. पण बसमध्ये पन्नास माणसे असतात. तीच पन्नास माणसे मोटारीत दोघे-दोघे बसली तर पंचवीस मोटारी लागतील. नुसती वाहने मोजणाऱ्या अहवालात बस अडथळा वाटते आणि मोटार किरकोळ वाटते. माणसे मोजली की चित्र उलटे होते. हातगाडी ओढणारा आपला भाऊ रस्त्याला ओझे म्हणून दोन-तीन गुणांनी मोजला जातो. आणि पायी चालणाऱ्याला तर त्या कोष्टकात रकानाच नाही. कामावर चालत जाणारी मोलकरीण, दप्तर घेतलेले पोर, काठी टेकत दवाखान्यात निघालेली आजी, यांतले कोणीही त्यात येत नाही. म्हणून अहवालात "वाहतूक समाधानकारक" असे लिहिलेले असते, आणि त्याच रस्त्यावर आपली मुले भिंतीला चिकटून चालतात. खोटे कोणी लिहिले असेलच असे नाही. मोजायचे काय हेच आधी चुकले आहे. त्याच संस्थेच्या २०१२ च्या पादचाऱ्यांविषयीच्या मार्गदर्शिकेत पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. फेरतपासणी मागताना हे माप आपण पुढे ठेवले पाहिजे.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात लॉस एंजलिसच्या उत्तरेला न्यूहॉल रँच नावाची प्रचंड वसाहत ठरली. सुमारे १२,००० एकर जमीन आणि सुमारे २१,००० घरे. मंजुऱ्या मिळाल्या होत्या. तरी पर्यावरण संघटना न्यायालयात गेल्या आणि ३० नोव्हेंबर २०१५ रोजी त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मूल्यांकनात खोट काढली. हवा तापवणाऱ्या वायूंचा परिणाम नगण्य आहे, असा जो निष्कर्ष काढला होता त्याला पुरेसा आधार नव्हता, असे न्यायालय म्हणाले. संपूर्ण राज्यासाठी असलेले बचतीचे प्रमाण एका प्रकल्पाला जसेच्या तसे लावले होते, ते का लागू पडते हे दाखवलेले नव्हते. मग फेरमूल्यांकन झाले. २०१७ साली सुधारलेल्या योजनेला मंजुरी मिळाली, ती सौर ऊर्जा आणि विजेवरच्या गाड्यांच्या सोयी अंगावर घेऊनच. वसाहत रद्द झाली नाही, पण ती पहिल्यापेक्षा सुधारून घ्यावी लागली.

त्याच राज्याने वाहतुकीच्या मोजणीतही बदल केला. पूर्वी एखाद्या प्रकल्पामुळे चौकात मोटारींना किती वेळ थांबावे लागेल हे पाहत. त्यावर उपाय म्हणून रस्ते रुंद करत आणि मोटारी आणखी वाढत. २०१३ च्या कायद्यानुसार ही पद्धत बदलायचे ठरले, आणि १ जुलै २०२० पासून नव्या मापाची अंमलबजावणी राज्यभर सुरू झाली. आता प्रकल्पामुळे वाहने एकंदर किती अंतर धावतील ते मोजतात. त्यामुळे बस आणि रेल्वेजवळची घरे हिशेबात सरस ठरतात. माप बदलले की निर्णय बदलतो, एवढे त्यातून घ्यावे.

कोणी म्हणेल, तुम्ही लोक घरे बांधायलाच विरोध करता. हे खरे नाही. घराची गरज आपल्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक? मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींत आपल्या कित्येक पिढ्या १६० चौरस फुटांच्या खोलीत राहिल्या. त्या चाळींच्या पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर मिळायचे ठरले आणि वरळीत १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ कुटुंबांना घराच्या चाव्या मिळाल्या. त्याचा आम्हाला आनंदच आहे. पण त्याच जमिनीवर आपल्या घरांबरोबर विक्रीच्या उंच इमारतीही यायच्या आहेत. तीन मजली चाळींच्या जागी उंच मनोरे आले की पाणी, मैला, लिफ्टची वीज, मोटारी, सगळेच वाढते. अग्निशमन बंब आत वळेल का, रुग्णवाहिका दारापर्यंत येईल का, खालच्या मजल्यावरच्या घरात उजेड पडेल का, हे प्रश्न गेटच्या आतल्या माणसाचेही आहेत. आज आपण गेटच्या बाहेर आहोत म्हणून विचारायचे आणि उद्या आत गेलो की गप्प बसायचे, असे करून चालणार नाही. घर झालेच पाहिजे आणि त्याचा हिशेबही खरा असला पाहिजे.

मग करायचे काय? ताईंनी आणि त्यांच्यासारख्या सर्वांनी या क्रमाने चालावे.

एक. आधी मंजुरीचे पत्र मिळवा. मंजुरी मिळाल्याची जाहिरात वर्तमानपत्रात देणे प्रकल्पवाल्यावर बंधनकारक आहे. पत्राची प्रत महापालिका किंवा ग्रामपंचायतीला द्यावी लागते आणि त्यांनी ती ३० दिवस लावून ठेवायची असते. केंद्र सरकारच्या 'परिवेश' या संकेतस्थळावरही मंजुऱ्या असतात. वस्तीतल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला मोबाईलवर शोधायला बसवा. सापडले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला माफ. उत्तर ३० दिवसांत मिळाले पाहिजे. अर्ज मराठीत चालतो. एका अर्जात एकच विषय आणि मोजके शब्द ठेवा.

दोन. तीन कागद शेजारी ठेवा. पर्यावरणीय मंजुरी, महापालिकेने मंजूर केलेला नकाशा आणि महारेराच्या संकेतस्थळावरची त्या प्रकल्पाची नोंद. तिन्हींत इमारती, मजले आणि घरांची संख्या जुळते का पाहा. प्रकल्प टप्प्याटप्प्याने नोंदवलेला असेल तर सगळ्या टप्प्यांची बेरीज करा. जिथे जुळत नाही तिथे लाल शाईने खूण करा.

तीन. सहामाही अहवाल मागा. मंजुरीतल्या अटी किती पाळल्या, याचा अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. सांडपाण्याचे यंत्र किती क्षमतेचे, चालू की बंद, झाडे किती लावली, टँकर किती लागले, हे त्यात पाहा. मग जागेवर काय दिसते ते तारखेसह लिहा आणि फोटो काढून ठेवा.

चार. आपली मोजणी आपण करा. हे काम आमच्या भगिनी उत्तम करतील. एक वही घ्या. कामाच्या तीन दिवशी सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी सहा ते आठ, गल्लीच्या तोंडाशी दोघीजणी बसा. रकाने करा : मोटार, दुचाकी, रिक्षा, बस, टँकर-डंपर, सायकल, हातगाडी. शेवटी दोन मोठे रकाने ठेवा, पायी माणसे आणि पायी मुले. दर पंधरा मिनिटांनी रेघ मारा. नळाला पाणी किती वाजता आले, किती वाजता गेले, तेही महिनाभर लिहा. पावसात नाला कुठवर आला त्याची भिंतीवर खूण करून तारीख घाला. वहीवर मोजणाऱ्यांच्या सह्या असू द्या. अशा वहीला अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते. नुसत्या घोषणांना तो उत्तर देत नाही, हे आम्ही कार्यकर्ते म्हणून अनेकदा पाहिले आहे.

पाच. निवेदन द्या. ते राज्य पर्यावरण प्राधिकरण, महापालिका आयुक्त, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि वाहतूक पोलीस या चौघांनाही द्या, आणि प्रत्येकाकडून पोच घ्या. मागणी नेमकी लिहा. "प्रकल्प बंद करा" असे मोघम लिहू नका. लिहा की, मंजुरीत इतकी घरे होती, जागेवर इतकी होत आहेत. वाढीव बांधकामाची नवी मंजुरी दाखवा. नसेल तर ते काम थांबवा. पाणी, सांडपाणी, पावसाचे पाणी आणि वाहतूक यांचे फेरमूल्यांकन करा. त्यात पायी चालणाऱ्यांची मोजणी घ्या. शाळेच्या वेळात डंपर आणि टँकर बंद ठेवा. गल्लीत चालण्याची मोकळी पट्टी द्या.

सहा. तरीही काही झाले नाही तर हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे. नव्या मंजुरीविरुद्ध अपील करायचे असेल तर मुदत ३० दिवसांची. योग्य कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, त्यापुढे नाही. म्हणून मंजुरी झाल्याचे कळताच तारीख लिहून ठेवा. वकिलाच्या फीचा धसका घेऊ नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाने अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते, तिथे अर्ज करा.

एक सावधगिरीची सूचना. बांधून झाल्यावर मागाहून मंजुरी मिळवण्याचा प्रयत्न नेहमी होतो. १६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मागाहूनच्या मंजुऱ्या बेकायदा ठरवल्या होत्या. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. यातून आपण धडा घ्यायचा तो असा की, न्यायालय पुढे पाडून टाकील या भरवशावर बसू नये. पुण्याच्या प्रकरणातही दंड झाला, पण ८०७ घरांत राहायला आलेली माणसे निर्दोष होती, ती घरे पाडली गेली नाहीत. एकदा माणसे राहायला आली की त्यांना सहसा कोणी बाहेर काढत नाही, आणि काढूही नये. वाढीव भार मात्र कायमचा शेजाऱ्यांच्या नळावर, नाल्यावर आणि रस्त्यावर राहतो. दंडाच्या पैशाने आपल्या नळाचे पाणी परत येत नाही. म्हणून बोलायचे ते पाया खणला जात असताना. ताईंच्या इथे नववीचा पाया आत्ता खणला जात आहे. हीच वेळ आहे.

आणखी एक. बिल्डरची माणसे वस्तीत येतील. जयंतीला वर्गणी देतो, पोरांना सिक्युरिटीत लावतो, समाजमंदिराला रंग देतो, असे म्हणतील. काम मिळाले तर ते जरूर घ्यावे, घामाचा पैसा आहे तो. पण त्याच्या बदल्यात वही बंद करू नका. वर्गणी एका दिवसाची असते, पाण्याची ओढाताण रोजची असते. आणि टाऊनशिपमध्ये राहायला येणाऱ्यांशी वैर धरू नका. त्यांनीही कर्ज काढून घर घेतलेले असते. सांडपाण्याचे यंत्र अपुरे पडले तर दुर्गंधी त्यांच्याही खिडकीत जाते, गल्ली तुंबली तर त्यांच्याही मुलांची शाळेची गाडी अडकते. त्यांच्या सोसायटीच्या चार माणसांना भेटा आणि आपली वही दाखवा. निवेदनावर दोन्हीकडच्या सह्या पडल्या तर वजन वाढते.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास या कामासाठी ठेवावा, अशी आमची सूचना आहे. मोजणीला कोण बसणार, माहितीचा अर्ज कोण लिहिणार, निवेदन घेऊन कोण जाणार, ही तीन नावे त्याच दिवशी ठरवा. ताई, तुमची वही भरली की आकडे आम्हाला कळवा. निवेदनाचा मसुदा करायला आम्ही मदत करू आणि जमल्यास पुढील एखाद्या अंकात इतर वस्त्यांच्या माहितीसाठी तो छापू.